एका कॅमशाफ्टचं अंदाजपत्रक

गडचिरोलीच्या रुग्णालयात डायलिसिसच्या खोलीबाहेर एक लोखंडी बाक आहे. माझ्या गाडीत नवा कॅमशाफ्ट टाकायचा तर किती खर्च येईल, हे मी त्या बाकावर बसून मांडलं. आईला मशीन लागली की पुढचे चार तास मला कुठेच जाता येत नसे. आत नातेवाइकांना बसू देत नाहीत आणि बाहेर जावं तर सिस्टर केव्हा हाक मारतील याचा नेम नाही. रक्तदाब खाली गेला, पायात गोळे आले की घरचं माणूस लागतंच. बारावीचे पेपर तपासून संपायचे, मोबाइलची बॅटरी उतरायची, समोरच्या भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं चित्र तर डोळे मिटूनही दिसायचं. मग मी मनातल्या मनात इंजिन उघडून बसायची.

मी ब्रह्मपुरीला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कॉलेज सकाळचं. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी शेवटचा तास संपला की धावत घरी यायचं, दोन घास खायचे, आईला मागच्या सीटवर उशी लावून बसवायचं आणि वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरीवरून गडचिरोली गाठायची. परत येईपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची. हे सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

आई नर्स होती. कुरखेड्याकडच्या उपकेंद्रांत तिची सारी नोकरी झाली. रस्ता नसलेल्या गावांत पायी जाऊन तिने बाळंतपणं केली, आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात तिच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. निदान ऐकून ती रडली नाही. तिने डॉक्टरांना फक्त विचारलं की आठवड्यातून किती वेळा यावं लागेल. उत्तर ऐकल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते, कारण तिला स्वतःपेक्षा माझी कीव येत होती.

गाडी त्याच्या आदल्या वर्षी घेतलेली. सोळाशे सीसीची, पेट्रोलची, जुनी सेडान. असली गाडी कंपनीने बनवणं केव्हाच सोडलंय, पण नागपुरात तिच्यासाठी जीव टाकणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकीच एकाने ती जपून ठेवली होती. वडील सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. उन्हाळ्यात नदी आटली की ते मला पात्रात नेऊन वाळूवर गाडी शिकवत. वाळूत ब्रेक मारायचा नाही, चाकं घसरली तर घसरू द्यायची आणि स्टिअरिंगने वाट काढायची, हे मी पंधरा-सोळाव्या वर्षीच शिकले. वडील गेले, जीप सरकारची होती ती गेली, पण घसरत्या गाडीची भीती मला कधी वाटली नाही.

त्याचा उपयोग नागपूरच्या ऑटोक्रॉसमध्ये झाला. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर मातीत शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात. पहिल्याच वेळी मी बायकांच्या गटात दुसरी आले. घरी येताना उमरेडपर्यंत एकटीच हसत होते. पुढच्या हिवाळ्यात पहिली यायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पुढच्या हिवाळ्यात मी त्या बाकावर होते.

डायलिसिसच्या घरात रविवार हा सगळ्यांत वाईट दिवस. शुक्रवारनंतर थेट सोमवार, म्हणजे मधलं अंतर सर्वांत लांब. अंगात पाणी साठत जातं, रविवारी दुपारपर्यंत आईचे घोटे सुजलेले असतात, धाप लागते. आणि शर्यती रविवारीच असतात. शेजारच्या काकूंना बसवून मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी गेले, पण लक्ष सगळं खिशातल्या फोनकडे. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न पुण्याला होतं, गेले नाही. शिक्षकांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण आलं, नाव काढून घेतलं. दोन दिवसांपेक्षा लांब असलेली कुठलीही गोष्ट मला कळायचीच बंद झाली. नकाशा समोर धरला तर ब्रह्मपुरी ते गडचिरोली एवढीच रेघ माझी, बाकीचं जग इतरांचं, असं वाटे.

त्या काळात कॅमशाफ्टने डोक्यात घर केलं. गाव बदलता येत नव्हतं, नोकरी बदलता येत नव्हती. इंजिन तेवढं बदलता येईल असं वाटलं.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर फिरणारा एक दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे झडपा दाबून उघडतात, हवा-पेट्रोल आत येतं, जळालेला धूर बाहेर जातो. उंचवटा मोठा केला तर झडप जास्त उघडते, जास्त वेळ उघडी राहते, आणि इंजिन वेगात असताना भरभरून श्वास घेतं. गाडीची ताकद वाढते. मात्र हेच इंजिन हळू चालताना अडखळतं. सिग्नलला उभी गाडी थरथरते, बंद पडते. वर्गात मुलांना सांगावं इतकं हे सरळ आहे. मी सांगितलंही एकदा, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की मॅडम आज पहिल्यांदा हसून शिकवून राह्यल्या.

सुरुवातीला मी फक्त दांड्याची किंमत धरली होती. बाहेरून मागवलेला चांगला कॅमशाफ्ट त्या वेळी पंचेचाळीस हजारांच्या घरात जात होता. त्याहून बरेच जास्त माझ्याकडे बाजूला टाकलेले होते. बाकावर बसून मी जसजशी वाचत गेले तसतसा आकडा हलायला लागला. झडप जास्त उघडणार, तर तिला परत ओढणारी स्प्रिंग जुनी चालणार नाही. स्प्रिंग बदलली की तिच्यावरची टोपी बदलायची. दांड्याची वेळ बारीक जुळवायला वेगळं दातेरी चाक हवं. इंजिनाचा माथा उघडलाच आहे तर गॅस्केट नवं, पट्टा नवा, पाण्याचा पंपही नवा, कारण पुन्हा कोण उघडणार. बाहेरून येणाऱ्या मालावर कस्टम ड्यूटी. आणि शेवटी इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर नव्याने शिकवायचा, नाहीतर बाकी सगळं फुकट. सिस्टरने हाक मारली तेव्हा मी दीड लाखावर पोचले होते. त्या दिवशी आईला गाडीत बसवताना तिने विचारलं, "कोणाचा फोन होता? तोंड उतरलं तुझं." मी म्हटलं, कोणाचाच नाही.

नागपूरला अशा गाड्यांची कामं करणारे एक गृहस्थ आहेत. पूर्वी स्वतः शर्यतीत उतरायचे, आता गुडघे दुखतात म्हणून फक्त इंजिनं बांधतात. दसऱ्याच्या सुट्टीत, एका मंगळवारी, मी त्यांच्या गॅरेजला गेले. माझं सगळं ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की गाडी रोज कोण चालवतं आणि कशासाठी. मी आईचं सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"मॅडम, मग हा कॅम तुमच्यासाठी नाही," ते म्हणाले. "एसी लावला की इंजिन बंद पडेल. तुमच्या आई त्यात बसणार कशा?"

मी वाद घातला. एसीशिवाय चालेल, मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवीन, माझा हात बसलेला आहे. त्यांनी मान डोलावली नाही. शेवटी म्हणाले की माझी गाडी चालवून बघा, मग बोलू. त्यांच्या गाडीत तोच मोठा कॅम होता. गॅरेजच्या गल्लीतून निघतानाच ती दोनदा बंद पडली. चौकात भाजीच्या गाड्यांमागे उभी असताना ती अशी हिसके देत होती की बाजूचा रिक्षावाला वळून बघायला लागला. क्लच, ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच. माझ्या पोटरीला कळ आली. मग वर्धा रोडला मोकळा पट्टा मिळाला आणि मी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. नंतर इंजिनाच्या वेगाचा काटा मधल्या रेषेवर गेला आणि आवाजच बदलला. गाडीने मला सीटमध्ये मागे ढकललं, आणि इंजिन थांबायचं नाव घेईना, वर, आणखी वर. मला वडिलांची आठवण आली आणि मी चक्क ओरडले. शेजारी बसलेले ते गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते. त्यांना असं ओरडणं नवीन नसावं.

परत आल्यावर त्यांनी तीन पर्याय सांगितले. पहिला, मोठा कॅम आणि त्याच्याबरोबरचं सगळं, दोन लाखांच्या थोडं खाली. दुसरा, माझाच जुना दांडा घासून त्याच्या उंचवट्यांचा आकार बदलायचा. स्प्रिंगा जुन्याच राहतील, कॉम्प्युटर मात्र शिकवावा लागेल, सगळं मिळून ऐंशी हजारांच्या आसपास. त्यात ताकद थोडीच वाढेल, पण गाडी माणसांत राहील. तिसरा, काहीच करू नका, चांगले टायर घ्या. कुठलंही काम केलं तरी माथा उघडून बसेपर्यंत दोन आठवडे धरा, ते म्हणाले.

हे दोन आठवडे मी धरलेच नव्हते.

दोन आठवडे म्हणजे सहा फेऱ्या. भाड्याची गाडी करता येईल, पण दर वेळी दुपारी थांबून संध्याकाळी परत आणणारी गाडी म्हटल्यावर आकडा टायरांच्या खर्चाशी बरोबरी करायला लागला. तेही एक वेळ जमेल. मला काम होताना नागपूरला जावं लागणार होतं, कॉम्प्युटर शिकवण्याच्या दिवशी गाडीच्या मालकाने तिथे असलेलं बरं, आणि तो दिवस कुठला निघेल ते सांगता येत नव्हतं. मग त्या दिवशी आईसाठी बाकावर कोण बसेल? या रकान्यात मी काहीच लिहू शकले नाही. पैसे घालून सुटणारी गोष्ट ती नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी बाकावर बसून मी स्वतःला समजावत होते. घाई काय आहे? आता टायर घे. मोठा कॅम नंतर करू. पैसेही साठतील तोवर. दोन वर्षांनी, तीन वर्षांनी, जेव्हा बुधवार मोकळा असेल तेव्हा. आणि हे मनात म्हणत असतानाच मला कळलं की मी काय म्हणतेय. बुधवार मोकळा व्हायला एकच गोष्ट घडावी लागणार होती. दाराच्या काचेतून मला आईचा पाय दिसत होता, चादरीबाहेर आलेला, टाचेला भेगा पडलेला. मी उठून पाण्याच्या नळापर्यंत गेले आणि तोंड धुतलं. पुन्हा येऊन त्याच बाकावर बसले, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

त्या दिवशी परतताना आरमोरीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. पुढे काहीतरी अडलं होतं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या, त्यामागे सागाचं काळं रान. मी इंजिन बंद केलं. डायलिसिसनंतर आई बहुतेक झोपते, पण त्या दिवशी जागी होती. मागून म्हणाली, "नागपूरले काय विचारून आली होती, ते मले सांगितलंच नाई तू."

मी सांगितलं. झडपा, उंचवटे, श्वास, सगळं. तिने मध्ये मध्ये नर्सचे प्रश्न विचारले. हळू चालताना जीव घुटमळते म्हणजे नेमकं काय होते? पळताना दम लागत नाई ना? मी हसले. मग तिने खर्च विचारला, तोही सांगितला. शेवटी मी म्हटलं की सध्या राहू दे, नंतर बघू.

समोरच्या ट्रकचा क्लीनर खाली उतरून चाकांना दगड लावत होता.

"नंतर म्हणजे मी गेल्यावर," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "तसं ठेवू नको, बाई. माझ्या मरणावर टेकवून काई ठेवशील, तं मले रोज वाटन का मी तुझ्या वाटेत बसून आहो. करायचं असन तं आताच कर."

मी स्टिअरिंगला घट्ट धरून बसले होते. मागे वळून बघण्याची हिंमत झाली नाही. नाही गं, तसं काही नाही, एवढंही मला म्हणता आलं नाही, कारण ती खोटं लगेच ओळखते. बऱ्याच वेळाने रांग हलली.

घरी आल्यावर तिने माझ्यासमोरच दादाला फोन लावला. दादा पुण्याला आहे, संगणकाच्या कंपनीत. दर महिन्याला पैसे पाठवतो, न चुकता. कॅमशाफ्टचं त्याला मी आधीच बोलले होते, तेव्हा त्याचं म्हणणं असं पडलं की अडीच लाखाच्या गाडीत दोन लाख घालायचे म्हणजे कमाल आहे, त्यापेक्षा ही विकून आईसाठी उंच, ऑटोमॅटिक गाडी घे, अर्धे मी देतो. त्याचं चूक नव्हतं. मला राग आला होता तो त्याच्या बरोबर असण्याचाच.

आईने त्याला कॅमशाफ्टबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. म्हणाली की या महिन्यात पैसे नको पाठवू, पंधरा दिवस स्वतः ये, तुझी बहीण कामात आहे. पलीकडून तो बरंच काही बोलत असावा. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "घरूनच काम करते ना तू? मंग इथी घर नाई काय?"

तो डिसेंबरात आला. मी गाडी नागपूरला सोडली आणि बसने परत आले.

कुठला कॅम, हे ठरवायचं राहिलंच होतं. आई म्हणत होती मोठा टाक, मी भाड्याच्या गाडीने जाईन, नाहीतर सहा आसनी जीपने, जग जातेच. ती खरंच गेली असती. मी गॅरेजच्या मालकांना फोन करून जुना दांडा घासायला सांगितला. याला त्याग म्हणावं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दोन लाख माझ्याकडे नव्हते, आणि मोठा कॅम टाकून गाडी अंगणात उभी राहिली असती तर बाकावर बसून मी तिचाही हिशोब करत बसले असते. तरी वर्धा रोडवरचा तो आवाज आता माझ्या गाडीतून कधी येणार नव्हता.

दादाने पहिल्या फेरीला लॅपटॉप सोबत नेला. बाकावर बसून मीटिंग करीन म्हणाला. मी कॉलेजमधून घरी येऊन बसले. सोमवारची दुपार, आणि मी घरी. काय करावं कळेना. मी चहा केला, तो गार झाला. पलंगावर आडवी झाले तर झोप येईना. अंगणात जाऊन गाडीच्या रिकाम्या जागेत उभी राहिले. सुटले असं वाटेल म्हणून मी वाट बघत होते, पण कानात सारखी सिस्टरची हाक येत होती.

दुसऱ्या आठवड्यात दादाने लॅपटॉप नेणं बंद केलं. तिथे रेंज जाते म्हणाला. आधी तो आल्या आल्या दिवसभराच्या तक्रारी सांगायचा, रस्ता असा, ड्रायव्हर तसा. मग गप्प राहायला लागला. एका बुधवारी आईचा रक्तदाब एकदम खाली गेला आणि त्याला आत बोलावलं. तिचे पाय वर धरून उभं राहायला सांगितलं. त्या संध्याकाळी तो ओसरीवर बूट न काढताच बसून राहिला. मी पाणी दिलं, ते त्याने घेतलं. त्याच्या बोलण्यात आता पुणं उरलं नव्हतं.

"तू हे तीन वर्षं झाले करून राह्यली?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मले काऊन नाई सांगितलं?"

दर रविवारी फोनवर सांगत होते, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तो रडत होता, आणि आई आत झोपली होती. मी त्याच्या बाजूला बसले. नंतर आम्ही भावंडं बऱ्याच वर्षांनी एका ताटात जेवलो.

कॉम्प्युटर शिकवण्याच्या दिवशी मी नागपूरला होते. गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधतात, चाकं जागच्या जागी रोलरांवर फिरतात, इंजिन पूर्ण वेगाने ओरडतं आणि गाडी तसूभरही पुढे जात नाही. मोठा पंखा समोरून हवा फेकत असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मला त्यात नवीन काही दिसलं नाही. पडद्यावर ताकदीची रेघ उमटली. जुन्या रेघेपेक्षा ती वर होती, फार नाही, पण मधल्या पट्ट्यात, जिथे वळणातून बाहेर पडताना ताकद लागते, तिथे स्पष्ट वर. गॅरेजचे मालक खूश होते. मी त्यांना विचारलं की एसी लावून बघू या का. त्यांनी लावला. इंजिन किंचित हललं आणि स्थिर झालं. त्या क्षणी मला ताकदीच्या रेघेपेक्षा जास्त बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

अंदाजपत्रक मोडलंच. पाण्याच्या पंपामागे एक जागा सडलेली निघाली, ती भरावी लागली. भाड्याच्या गाडीचे पैसे दादाने मला देऊच दिले नाहीत, म्हणून जेमतेम निभावलं. टायर राहिले.

जानेवारीतल्या शर्यतीला दादा मुद्दाम पुन्हा आला. आईने हट्टच धरला होता की मलेही पाहायचं आहे. रविवार, घोटे सुजलेले, तरी ती आली. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, धुळीपासून वाचायला नाकाला पदर लावून बसली. माझ्या दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत एक शंकू पडला. दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणाला गाडीची मागची बाजू सुटली. मी ब्रेकला पाय लावला नाही, सुटू दिली, स्टिअरिंगने वाट काढली आणि पाय दाबला. इंजिनाने ताबडतोब उत्तर दिलं. तेवढ्या वेळात मला कुणाचीच हाक ऐकू आली नाही, आईचीसुद्धा.

चौथी आले. पहिल्या आलेल्या मुलीच्या गाडीत मोठा कॅम होता. स्टार्टच्या रेषेवर ती गाडी हिसके देत होती आणि मी तिच्याकडे टक लावून बघत होते. आईने विचारलं, चौथी म्हणजे चांगलं की वाईट? दादा म्हणाला, टायर चांगले असते तर दुसरी आली असती. हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

दादा दुसऱ्या दिवशी गेला. दर तीन महिन्यांनी येतो म्हणाला होता. आतापर्यंत दोनदा आलाय. पैसे पाठवतो तेव्हा आता स्वतःहून फोनही करतो, आणि आईचं वजन किती वाढलं, किती पाणी काढलं, हे नीट विचारतो. एवढं बदललं. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार आहेत तिथेच आहेत.

गाडी रेल्वेच्या फाटकावर उभी असली की आता थोडी थरथरते. पूर्वी थरथरत नसे. गेल्या शुक्रवारी गोंदियाकडची मालगाडी जायची होती, फाटक बराच वेळ बंद होतं. मागे आईला झोप लागली होती. थरथरीने ती जागी झाली आणि डोळे न उघडताच विचारलं की बंद तं नाई पडत ना.

"नाई," मी म्हटलं. "झोप तू."

मी ॲक्सिलरेटरवर पाय हलकेच टेकवून ठेवला. पलीकडे चार-दोन मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, आणि कुठलीतरी बस उभी होती. मालगाडीचे डबे एकामागून एक जात राहिले.